धान सोडा म्हणे, पाणी वाचवा म्हणे!

गेले दोन आठवडे प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल. थोडक्यात असा: "एक किलो तांदळाला 5000 लिटर पाणी लागतं. भंडारा-गोंदियाचे शेतकरी आळशी आहेत, सरकारी बोनससाठी धान लावतात. कालव्याचं पाणी दारात आहे, तेच पाणी मका, हरभरा, भाजीपाल्याला दिलं तर तिप्पट जमीन भिजेल. पंजाबचं बघा आणि शहाणे व्हा. ड्रिप लावा." खाली हात जोडलेली इमोजी.

मी झाडीपट्टीतला, म्हणजे भंडारा-गोंदियाकडचा, घरी धान आहे अन् हरभरा लावून हातही पोळून घेतलेत, म्हणून लिहितोय.

आधी ते 5000 लिटर. हिशोब करू या ना. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 10 हजार लिटर. पावसाळी धानात पानांतून अन् जमिनीतून मिळून दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी हवेत उडतं, चार महिन्यांचे झाले 600, म्हणजे 60 लाख लिटर. हेक्टरी 40 क्विंटल धान धरलं तर किलोला 1500 लिटर, अन् भरडून तांदूळ काढला तर सव्वादोन-अडीच हजार. मग बाकीचं पाणी कुठं गेलं? ते बांधीतून (बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातून) झिरपून विहिरीत गेलं, खालच्या बांधीत गेलं, नाल्यात गेलं. बांधीत घातलं ते सगळं पाणी "संपलं" म्हणून मोजायचं हा काय हिशोब झाला? अन् आमच्याकडं 1200-1400 मिलिमीटर पाऊस पडतो, खरिपाचं बहुतेक पाणी वरूनच येतं. तळ्याचं किंवा कालव्याचं लागतं ते रोवणी (रोपांची लावणी) अडली तर, नाहीतर धान गर्भात असताना पाऊस दडी मारतो तेव्हा. मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) त्यासाठीच तर बांधले होते जुन्या लोकांनी.

एक मात्र कबूल. उन्हाळी धानाबद्दल मेसेज बरोबर आहे. जानेवारीत लावून मे मध्ये कापायचं, वरून थेंब नाही, एप्रिलच्या उन्हात दिवसाला 7-8 मिलिमीटर उडतंय अन् सगळं पाणी धरणातलं नाहीतर बोअरचं. त्याचा बचाव मी करणार नाही, भले माझ्या चुलतभावाला राग येवो.

आता खरा मुद्दा, "कालव्याचं पाणी दारात आहे". हे लिहिणाऱ्यानं बांधी पाहिलेली नाही हे इथंच कळतं. आमच्याकडं प्रत्येक शेताला चारी (पाण्याची वेगळी नाली) नाही भाऊ. कालव्याच्या आउटलेटमधून पाणी पहिल्या बांधीत पडतं, ती भरली की धुऱ्याला (बांधाला) खांड पाडून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं उतरत उतरत खालपर्यंत जातं. धानाला हे चालतं कारण धान पाण्यात उभं राहतं. पण मधल्या बांधीवाल्यानं हरभरा लावला तर खालच्याचं पाणी जाणार कुठून? हरभऱ्यातूनच!

माझं तेच झालं. दोन वर्षांपूर्वी पाऊण एकरात हरभरा टाकला, उगवण एक नंबर, फोटो काढून स्टेटसला पण ठेवला. वर शेजाऱ्याचं उन्हाळी धान. त्यानं जानेवारीत चिखलणी करून पाणी बांधलं अन् आठ दिवसांत माझ्या वरच्या धुऱ्यालगतच्या ओळी पिवळ्या पडायला लागल्या. झाड उपटून पाहिलं तर मूळ काळं, वास मारतंय. खाली कन्हार (काळी भारी) जमीन, त्यात वर्षानुवर्षं चिखलणी करून वीतभर खाली दगडासारखा थर झालेला, पाझरून आलेलं पाणी त्या थरावरच बसून राहतं अन् मुळांना हवा मिळत नाही. शेजाऱ्याशी भांडणार काय, त्यानं पाणी त्याच्याच बांधीत बांधलं होतं. मग मी धुऱ्याच्या आतून हातभर खोल नाली काढली, पाणी नाल्याकडं वळवलं तेव्हा कुठं अर्धं पीक हाती आलं. ही नाली कुठल्याच मेसेजमध्ये नसते. धानाच्या शेतात दुसरं पीक घ्यायचं तर पाणी द्यायच्या आधी पाणी काढायची सोय लागते.

"तिप्पट जमीन भिजेल" हे कागदावर तर कमीच सांगितलंय. उन्हाळी धानाला 1200-1500 मिलिमीटर लागतं, हरभऱ्याला दोन हलकी पाणी, मिळून दीडशेच्या आसपास. म्हणजे आठ-दहापट म्हणा ना! पण धानाला बारीक धार चोवीस तास चालते, हरभऱ्याला ठरल्या दिवशी जोरात पाणी अन् लगेच बंद, मग महिनाभर नको. म्हणजे पाळी (ठरलेल्या वेळी कालव्याला पाणी सोडणं) पाहिजे, तारीख पाहिजे, गेट बंद करणारा माणूस पाहिजे अन् टेलवाल्याला (कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला) पाणी पोचलं की नाही ते पाहिजे. शिवाय एकट्या माझ्या चार एकरांसाठी वीस किलोमीटरचा कालवा कोण भरणार, वाटेतच जिरेल ना सगळं. आख्ख्या चकानं (एका आउटलेटवर भिजणाऱ्या सगळ्या शेतांनी) एकच पीक धरलं तरच हे गणित जमतं. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांचा कायदा 2005 चा आहे, घनमापानं पाणी मोजून घ्यायची सोय त्यात आहे. पण मोजायला आउटलेटवर मोजपट्टी तर पाहिजे, आमच्याकडं गेटच गंजलेलं.

आळशी हा शब्द तर सोडूनच द्या. लाखोरी (लाख डाळ), जवस उभ्या धानातल्या ओलीवर फेकून दुसरं पीक काढणारे लोक आहेत हे, एक थेंब पाणी न देता. अन् धान लावतात कारण धानाचं सरकारी खरेदी केंद्र गावाजवळ आहे. मक्याला पण हमीभाव आहे हो, पण गाडी कुठं उभी करायची ते सांगा. वर रानडुकरं, एका रात्रीत मक्याचा चेंदा करतात.

पंजाबशी तुलना करणाऱ्यांना एवढंच, तिथं पाऊस आमच्या निम्मा अन् धान ट्यूबवेलवर. तिथल्या सरकारला 2009 मध्ये 10 जूनच्या आधी रोवणी नको असा कायदा करावा लागला, हरियाणानं 2020 मध्ये धान सोडायला एकरी 7000 रुपये देऊ केले. नुसते मेसेज पाठवून तिथंही धान सुटलं नाही.

ड्रिपला रोज थोडं पाणी लागतं, कालवा येतो वीस दिवसांनी, मधे साठवायला विहीर नाहीतर बोडी (छोटं तळं) पाहिजे. ज्याच्याकडं आहे त्यानं जरूर लावावं.

पाणी वाचवायचंच असेल तर धानातही वाचतं. हातभर प्लास्टिकचा पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा, बांधीत वीतभर गाडा अन् आतली माती काढा. आतलं पाणी जमिनीच्या 15 सेंटीमीटर खाली गेलं की पाणी द्यायचं, तोवर नाही. फक्त निसवताना (लोंबी बाहेर येताना) पाणी तोडायचं नाही. मी खरिपात करून पाहिलं, भेगा दिसायला लागल्यावर आई ओरडली, पण उतारा तेवढाच आला.

यंदा आमच्या चकात अकरा जण हरभऱ्याला तयार झालेत, वरचा शेजारी पण. पहिली पाळी कधी सुटेल ते विचारायला परवा गेलो तर पाटबंधारेचे साहेब म्हणाले, उन्हाळी धानवाल्यांचे अर्ज येऊ द्या, मग तारीख ठरवू.