चीक आला की देशी मेपल? साफ उलट!

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर 'अंगणातलं देशी मेपल ओळखा आणि वाढवा' असा एक मेसेज फिरतोय. वर हिरवी पानं, खाली जोडलेले हात, मधे सहा मुद्दे. माझ्या मावसबहिणीने तो वाचून दारातला जुना शुगर मेपल 'परदेशी' ठरवला आणि झाड तोडणाऱ्याकडून दरही मागवला. म्हणून हा खटाटोप.

मुद्दा पहिला: "पानाचा देठ मोडा. दूध आलं तर साखर देणारा अस्सल देशी मेपल, नाही आलं तर बाहेरचा."

ज्याने कोणी हे लिहिलं त्याने परीक्षा बरोबर उचलली आणि निकाल उलटा लावला. देठ मोडल्यावर रुईसारखा पांढरा चीक येतो तो नॉर्वे मेपलला, म्हणजे १७५६च्या सुमारास युरोपातून फिलाडेल्फियात आणलेल्या झाडाला. शुगर, रेड, सिल्व्हर हे तिघे इथले, आणि त्यांच्या देठातून पाण्यासारखा रस येतो. ज्याचा गोड पाक होतो तो रस तर पानातून काढतच नाहीत. थंडी सरता सरता खोडाला भोक पाडून काढतात, आणि तोही पाण्यासारखाच असतो. साधारण ४० लिटर आटवावा तेव्हा १ लिटर पाक मिळतो. यात दूध आलं कुठून?

देठ मोडायचाच तर उन्हाळ्यात, हिरव्या पानाचा मोडा. पानगळीच्या तोंडावर नॉर्वेचाही चीक आटतो. मग जोडबिया बघा. नॉर्वेच्या बियांचे पंख जवळजवळ सरळ रेषेत पसरलेले असतात, शुगरचे यू आकारात खाली वळलेले. हिवाळ्यात झाड उघडं असेल तर कळ्या बघा: शुगरची बारीक, तपकिरी, टोकदार, नॉर्वेची जाड आणि बोथट. बहिणीकडून फोटो मागवले. चीक नाही, पंख वळलेले. झाड वाचलं, तोडणारा मात्र अजून तिला फोन करतोय.

दुसरा मुद्दा, "उन्हाळाभर लाल पानं असतील तो रेड मेपल." नाही हो. रेड मेपल उन्हाळ्यात हिरवाच असतो. लाल असतात त्याचे देठ, कोवळ्या काड्या आणि पानांच्या आधी येणारी फुलं. उन्हाळाभर काळपट लाल दिसणारं ते मोठं झाड बहुधा 'क्रिम्सन किंग', म्हणजे पुन्हा नॉर्वेच. नर्सरीत पाटीवरचं शास्त्रीय नाव वाचा: 'एसर रुब्रम' हवं, 'एसर प्लॅटॅनॉइडिस' नको.

तिसरा, "नॉर्वेइतकी दाट सावली कोणाची नाही, तोही लावा." वर देशीचा जप आणि खाली हे! बरं, सावलीचं खरं आहे. डच एल्म या बुरशीच्या रोगाने रस्त्याकडेची एल्मची झाडं मेल्यावर गावोगावी नॉर्वे लावला गेला, त्यात त्या सावलीचाही वाटा होता. पण तिच्याखाली गवतसुद्धा धड येत नाही. शिवाय बिया उडून जवळच्या रानात रुजतात आणि तिथल्या देशी रोपांना उजेड राहत नाही. मॅसॅच्युसेट्सने त्याला बंदीच्या यादीत टाकलंय. २००९पासून तिथे तो विकता येत नाही. ती यादी राज्याच्या शेती खात्याची आहे, ग्रुपवरच्या काकांची नव्हे.

"बुंध्याशी गुडघाभर मल्च रचा" (मल्च म्हणजे मातीवर पसरतात तो लाकडाचा भुगा, साल, पालापाचोळा) हा चौथा मुद्दा झाड मारण्याचा आहे. खोड जमिनीपाशी जिथे रुंदावून मुळांत शिरतं, तो भाग उघडा दिसला पाहिजे. ढिगाखाली साल ओली राहून कुजते, ढिगातच नवी मुळं फुटतात आणि खोडाभोवती आवळत जातात. मेपलला ही खोड जास्तच. दोन-तीन इंच थर पुरे, तोही खोडापासून लांब.

पाचवा मुद्दा, खोल खड्डा आणि त्यात खताची गोणी: नको. मुळांच्या गड्ड्याइतका खोल, दुप्पट-तिप्पट रुंद, आणि काढलेलीच माती परत. जागा ओलसर असेल तर रेड मेपल लावा. रस्त्यालगत बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ पडत असेल तर शुगर मेपलच्या वाटेला जाऊ नका.

राहिला सहावा, "मेपलची पानं विषारी, मुलांना जवळ जाऊ देऊ नका." यातलं खरं एवढंच: रेड मेपलची कोमेजलेली पानं खाल्ली तर घोड्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, घोडा दगावूही शकतो. एडिसनच्या टाउनहाउसात कोणी घोडा बांधला असेल तर त्याने जरूर काळजी घ्यावी.