“इच्छा असली की काम मिळतंच” म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस एक फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतोय, तीनचाकी स्कूटरवरून जेवण डिलिव्हर करणारा एक माणूस आणि खाली लिहिलंय की ज्याला काम करायचंय त्याला पाय नसले तरी मिळतं, सरकार 4 टक्के आरक्षण देतं, रॅम्प-लिफ्ट सगळीकडे झालेत, पेन्शन आहे, तरी जे घरी बसलेत त्यांना कष्टच नकोत. त्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण खालचा मजकूर चुकीचाय, आणि पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) घालून नोकऱ्या शोधल्यात म्हणून मला गप्प बसवत नाही.

आरक्षणाचं आधी. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातले ते 4 टक्के सगळ्या प्रकारच्या अपंगत्वांचे मिळून आहेत आणि फक्त सरकारी नोकऱ्यांत. चालण्या-हालण्याचा त्रास असलेल्यांना त्यातला 1 टक्का, त्यातच सेरेब्रल पाल्सीवाले, कुष्ठरोगातून बरे झालेले, अ‍ॅसिड हल्ल्यातले, मस्क्युलर डिस्ट्रॉफीवाले सगळे. खासगी कंपन्यांवर सक्ती नाही. 5 टक्के अपंग लोक घेतले जावेत म्हणून सरकारनं ऐपतीप्रमाणे प्रोत्साहन द्यावं, एवढंच कायदा म्हणतो.

रॅम्प-लिफ्ट सगळीकडे झालेत हे कुणी बघितलं? एका इंटरव्ह्यूला गेलो तर लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत जायलाच पाच पायऱ्या. सहा इंचाच्या एका पायरीला किमान सहा फुटांचा रॅम्प लागतो, आपल्याकडे दोन फुटांची फरशी तिरकी टाकतात आणि झाला रॅम्प म्हणतात, त्यावर एकट्यानं व्हीलचेअर चढवून दाखवा. आणि संडासाचं तर कुणी बोलतच नाही. दार इतकं अरुंद की व्हीलचेअर आत जात नाही, म्हणून मणक्याला इजा झालेली कितीतरी माणसं ऑफिसात दिवसभर पाणी पीत नाहीत, मग लघवीचं इन्फेक्शन, मग सुट्ट्या, मग “हा सारखा आजारी असतो”. नोकरी अशी जाते, आळसानं नाही. या सोयींचे नियम नुसते शिफारशीसारखे आहेत, ते सक्तीचे करा असं नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टालाच सरकारला सांगावं लागलं, म्हणजे सगळीकडे झालेलं नाहीये ना!

कष्ट नकोत म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. 2018 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत 15 वर्षांवरच्या अपंगांपैकी काम करणारे किंवा शोधणारे धरून 23.8 टक्केच होते, एकूण लोकांत तेव्हा साधारण 50. अपंगांत म्हातारी माणसं जास्त असतात हे धरलं तरी दरी मोठीय. आता याच आकड्यावरून “बघा, शोधतच नाहीत” म्हणाल, तर त्याच पाहणीत दहावी किंवा पुढे शिकलेले फक्त 19.3 टक्के आहेत. आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला की पोरगं घरी बसतं, पोरगी तर नक्कीच, आणि दहा वर्षांनी एचआरवाले म्हणतात कँडिडेटच मिळत नाहीत.

पेन्शनचं उलटंच आहे. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारसुद्धा नाहीत. आठ हजारांची सहा महिन्यांची कंत्राटी नोकरी धरली की तेच 48 हजार, घरात दुसऱ्या कुणाची थोडीशी कमाई असली तरी पेन्शन धोक्यात, आणि नोकरी सुटली की दाखल्यांसाठी परत तहसीलच्या खेपा, त्या पण कुबड्यांवर. अशा वेळी कुणी कचरलं तर मी त्याला आळशी म्हणणार नाही.

राहिला खर्चाचा मुद्दा, “कंपनीला परवडत नाही”. तळमजल्यावर टेबल द्यायला काय खर्च येतो? गर्दी टाळायला तासभर उशिरा येऊ द्यायला? लॉकडाऊनमध्ये अख्ख्या कंपन्या घरून चालल्या, आणि ऑफिसं उघडल्यावर व्हीलचेअरवाल्यानं आठवड्यातून तीन दिवस घरून करू का विचारलं की पॉलिसीत बसत नाही. काम येत नाही असं कुणी म्हणत नाही हो, फक्त रोज नऊला तिसऱ्या मजल्यावर हजर पाहिजे.