‘लॅब मोडा, स्मार्टबोर्ड लावा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या नि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हर्च्युअल लॅब (स्क्रीनवरच प्रयोग करायच्या साइट) फुकट आहेत आणि त्यांत उत्तर अचूक येतं, फिजिक्सची उपकरणं आपल्या पावसाळ्यात सडतात, प्रत्येक मुलाच्या खिशात मोबाईल आहे, म्हणजे सेन्सरही आले आणि कॉम्प्युटरही आला, तेव्हा डिग्री आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी फिजिक्स आणि कॉम्प्युटर लॅब मोडून तिथं स्मार्टबोर्ड लावावेत, लाखो रुपये वाचतील. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट दिसत नाही, आणि त्यातली एक तक्रार तर सोळा आणे खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकलाय.

‘व्हर्च्युअल लॅबमध्ये तोच प्रयोग होतो, उत्तर अचूक येतं.’

अचूक येतं, कारण ते कुणीतरी आधीच आत लिहून ठेवलेलं असतं. साधा लंबक घ्या. १ मीटर लांबीला आवर्तनकाल २ सेकंदांच्या जेमतेम वर. २० आंदोलनं मोजली की ४० सेकंद होतात. स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तर काळात अर्धा टक्का, आणि सूत्रात काळाचा वर्ग असल्यानं ‘जी’मध्ये (गुरुत्वीय त्वरणात) पुरता एक टक्का. बेळगाव १६ अक्षांशाच्या किंचित खाली आणि समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथं ‘जी’ची किंमत ९.७८ च्या आसपास येते. सिम्युलेशनमध्ये बहुतेक वेळा ९.८ किंवा ९.८१ टाइप केलेलं असतं, तेच फिरून तुमच्या हातात येतं. त्याला मोजणं म्हणत नाहीत.

९.८१ आणि ९.७८ यांतला ०.३ टक्क्यांचा फरक खऱ्या लंबकावर दिसू शकतो, पण त्यासाठी १०० आंदोलनं मोजावी लागतात, लांबी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घ्यावी लागते आणि झोका ५ अंशांच्या आत ठेवावा लागतो. उत्साहाच्या भरात २० अंशांचा झोका दिला की काल पाऊण टक्का वाढतो आणि उत्तर ९.६३ वर घसरतं. लांबी मोजायची ती दोरा चिमटून धरणाऱ्या, चिरलेल्या बुचाच्या खालच्या कडेपासून गोळीच्या मध्यापर्यंत. बूच सैल आवळलं असेल तर दोरा हळूहळू खाली सरकतो, म्हणून शेवटी लांबी पुन्हा मोजायची. २ मिलिमीटर वाढली असेल तर ते रीडिंग टाकून द्यायचं. असलं बूच व्हर्च्युअल लॅबमध्ये नसतं.

ग्रेटिंगचा (बारीक समांतर रेषांची, प्रकाशाचे रंग सुटे करणारी पट्टी) प्रयोग तर याहून बोलका आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इंचाला १५,००० रेषांचं ग्रेटिंग असतं. सोडियमचा पिवळा प्रकाश त्यातून पहिल्या ऑर्डरला (मध्यापासून पहिल्या प्रतिमेला) साधारण २०.४ अंशांवर आणि दुसऱ्या ऑर्डरला ४४ अंशांवर सापडतो. पिवळ्या रेषा दोन, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. पहिल्या ऑर्डरला त्यांच्यातलं अंतर सव्वा मिनिटाच्या (मिनिट म्हणजे इथं अंशाचा साठावा भाग) थोडं वर, दुसऱ्याला साडेतीन मिनिटांच्या आत-बाहेर. आता कॉलिमेटरची (दिव्याचा प्रकाश समांतर करून सोडणाऱ्या नळीची) फट ०.१ मिलिमीटर उघडी ठेवली, तर १७-१८ सेंटिमीटर फोकल लेंग्थला तिची स्वतःचीच प्रतिमा २ मिनिटं रुंद पडते. म्हणजे पहिल्या ऑर्डरला दोन्ही रेषा एकमेकींत मिसळणार, दुसऱ्याला जेमतेम सुट्या दिसणार. फट आणखी बारीक केली तर रेषा धारदार होतात, पण इतक्या अंधूक की खोलीत अंधार नसेल तर दुर्बिणीतली क्रॉसवायर (फुलीची तार) रेषेवर बसवताच येत नाही. हा सौदा मुलाला स्क्रूवर बोट ठेवूनच कळतो. सिम्युलेशन त्याला दोन स्वच्छ रेषा काढून दाखवतं आणि पुढच्या पानावर नेतं.

शिवाय दिवा. सोडियम लॅम्प लावल्यावर आधी गुलाबी-लाल उजेड येतो, तो निऑनचा. पूर्ण पिवळा व्हायला ५ ते १० मिनिटं जातात. घाई करून त्या आधीच रीडिंग घेणारे दर बॅचला निघतात. ग्रेटिंग काटकोनात बसलंय का हे पाहायचं तर डावीकडचा आणि उजवीकडचा कोन ताडून बघायचा. दोन्हींत कोनाच्या १०-१५ मिनिटांचा फरक आला तर ग्रेटिंगचं टेबल पुन्हा लावायचं, सरासरी काढून वेळ मारून न्यायची नाही.

झेनरचं (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या डायोडचं) उदाहरण दोन ओळींत संपतं. ५.६ व्होल्टचा, पाच टक्के टॉलरन्सचा झेनर ५.३२ ते ५.८८ मध्ये कुठंही निघू शकतो. २४ मुलांना २४ झेनर दिले तर शेजाऱ्याचं रेकॉर्ड उतरवून काढता येत नाही. व्हर्च्युअल लॅबमध्ये मात्र सगळ्यांचा आलेख एकच.

व्हर्च्युअल लॅब वाईट आहेत असं नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ प्रकल्पावर बरंच साहित्य आहे. प्रयोगाच्या आदल्या रात्री एकदा करून यावं, म्हणजे लॅबमध्ये पहिला अर्धा तास ‘सर, हे कुठं जोडायचं’ यात जात नाही. लेसर, किरणोत्सर्गी स्रोत किंवा हाय व्होल्टेजचे प्रयोग ज्या कॉलेजात शक्यच नाहीत, तिथं तेवढाच आधार. बदली म्हणून ते चालत नाहीत, इतकंच.

‘उपकरणं पावसात सडतात, मग घ्यायची कशाला?’

हीच ती खरी तक्रार. खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा पट्टा सोडा, बेळगाव शहरातही जून ते सप्टेंबर कपाटातली हवा ओलीच असते. टेलिस्कोपच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, प्लगवाल्या रेझिस्टन्स बॉक्सची पितळी बुचं काळी पडतात, वजनपेटीला गंज चढतो. पण हे पावसामुळं होतं तितकंच कुलूप लावून विसरण्यामुळं होतं.

उपाय स्वस्त आहेत. लाकडी कपाटाच्या तळाशी १५ किंवा २५ वॅटचा फिलामेंटचा दिवा पावसाळाभर चालू ठेवला की आतली हवा खोलीपेक्षा थोडी गरम राहते आणि दमटपणा उतरतो. दिवा तार-जाळीच्या आत, लाकूड आणि कापडापासून दूर हवा. जुना बल्ब गेला म्हणून कुणी एलईडी लावला तर उपयोग शून्य, कारण तो पुरेसा तापतच नाही. हे इतक्या ठिकाणी होतं की कपाटावर चिठ्ठी लावलेली बरी. भिंगांच्या डब्यात सिलिका जेल ठेवा. निळं गुलाबी झालं, किंवा नारिंगी हिरवं झालं, की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दोन-तीन तास तापवून परत घाला. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. ६० टक्क्यांच्या खाली राहिलं की बुरशीची भीती सरली, पण ३५ च्या खाली नेऊ नका, ग्रीस आणि भिंगांचा चिकटा सुकतो. ग्रेटिंगला रुमाल, कापूस, बोट काहीही लावायचं नाही. वरचा थर नाजूक असतो, एकदा पुसलं की ग्रेटिंग गेलं.

रेझिस्टन्स बॉक्सचं बूच नुसतं दाबू नका, किंचित पिळून बसवा. तेवढ्यानं पृष्ठभाग घासला जातो. १ ओहमचं बूच काढलेलं असताना बसवलेल्या बाकीच्या बुचांखाली मळामुळं ०.२ ओहमची भर पडली तर मीटर ब्रिजचं (तारेवर रेझिस्टन्स मोजायच्या उपकरणाचं) उत्तर सतरा टक्क्यांच्या आसपास चुकतं, आणि मुलगा सूत्र तपासत बसतो.

मल्टिमीटर पावसानं मरत नाहीत, मुलांनी मरतात. करंटच्या रेंजवर ठेवून थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला की आतला फ्यूज जातो. व्होल्टेज दाखवतो, करंट शून्य दाखवतो, म्हणून तो ‘खराब’ म्हणून कोपऱ्यात पडतो. मागचं झाकण उघडा, फ्यूज बदला, बहुतेक वेळा विषय संपला. त्याच रेटिंगचा आणि त्याच प्रकारचा फ्यूज डझनानं आणून ठेवावा. तार गुंडाळून काम भागवू नये. अटेंडरला या चार गोष्टी शिकवल्या तर निम्मी ‘मेलेली’ लॅब उठून बसते.

‘मोबाईलमध्ये सगळे सेन्सर आहेत.’

बरेच आहेत, खरंय. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाचं फिफॉक्स हे फुकट ॲप लंबक, घरंगळणारी नळी, ध्वनीचा वेग यांसाठी चांगलं आहे. पण प्रत्येक मोबाईलचा सॅम्पलिंगचा वेग (सेकंदाला किती रीडिंग घेतो तो) वेगळा, चुंबकीय सेन्सरजवळच स्पीकरचं चुंबक बसलेलं, आणि पृथ्वीचं क्षेत्र इथं जेमतेम ४० मायक्रोटेस्ला. आधी कॅलिब्रेट न करता मोजलं तर स्पीकरचंच क्षेत्र मोजलं जातं. आणि मोबाईल सर्किटला व्होल्टेज देत नाही. ते काम दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरनं तयार केलेलं एक्सपाइज करतं: यूएसबीला जोडायचं छोटं खोकं, त्यात ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारा), ५ हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झचा सिग्नल आणि बदलता डीसी व्होल्टेज. पैशांची अडचण असलेल्या कॉलेजानं स्मार्टबोर्डाऐवजी अशी चार-पाच खोकी घ्यावीत. तरीही एक खरा स्कोप लागतोच, कारण प्रोब (स्कोपची मोजायची तार) कॉम्पेन्सेट न करता, म्हणजे स्क्रूनं जुळवून न घेता, चौकोनी लहर बघितली की ती वाकडी का दिसते, हे तिथंच समजतं.

‘लॅपटॉप-मोबाईल असताना कॉम्प्युटर लॅब कशाला?’

गावाकडून बस पकडून येणाऱ्या, मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला (अकरावी-बारावीला) इंग्रजीत शिरलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांकडे फक्त मोबाईल असतो. मोबाईलवर सी प्रोग्राम लिहिता येतो, डीबग करणं नकोसं होतं. आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांच्या दहा आवृत्त्या दहा तऱ्हांच्या. प्रॅक्टिकलचा पहिला तास कंपायलर बसवण्यात जातो. लॅबचा फायदा म्हणजे ३० मशिन एकसारखी.

मशिन नवी लागत नाहीत. सात-आठ वर्षांच्या डेस्कटॉपमध्ये हार्डडिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी आणि ८ जीबी रॅम घाला, हलका लिनक्स बसवा. एक मशिन नीट तयार करून क्लोनझिलानं (डिस्कची नक्कल करणारं फुकट सॉफ्टवेअर) मल्टिकास्ट केलं की २० जीबीची इमेज, म्हणजे त्या डिस्कची नक्कल, गिगाबिट स्विचवरून सगळ्यांना एकदाच जाते. ३० वेळा कॉपी करायची गरज नाही. जुना १०० मेगाबिटचा स्विच मध्ये एकच राहिला तरी सगळ्यांचा वेग त्याच्यापाशी अडकतो, तो आधी शोधा. पॅकेजेसची एक प्रत लॅबमधल्याच सर्व्हरवर ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी तास चालतो. ‘सगळं वायफायवर’ हा हट्ट सोडा. एका ॲक्सेस पॉइंटवर ६० मुलं म्हणजे एका नळावर ६० घागरी.

विजेचं गणित लोक टाळतात. मॉनिटरसकट मशिनला १२० वॅट धरले तर ३० मशिनचे ३.६ किलोवॅट. ५ केव्हीएचा, ०.८ पॉवर फॅक्टरचा यूपीएस ४ किलोवॅट देतो, म्हणजे पुरतो. १२ व्होल्ट ४२ अँपिअर-अवरच्या १६ बॅटऱ्या कागदावर ८ युनिट साठवतात, पण इतक्या वेगानं उपसल्यावर सव्वा तासाच्या आसपासच चालतात. लेसर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, त्याचा हीटर झटके मारतो. यूपीएस पाच मिनिटांत बसायला लागला तर सगळ्या बॅटऱ्या फेकू नका. लोड चालू असताना एकेक मोजा. बाकीच्या १२ दाखवताना एखादी १० वर उतरलेली सापडते, आणि तीच सगळी माळ ओढून खाली आणत असते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार या भागात उन्हाळ्यात हमखास. अर्थिंग तुटलं असेल तर एसएमपीएसमधल्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या) फिल्टर कपॅसिटरमुळं पत्र्यावर मेन्सच्या निम्मं, ११५ व्होल्टच्या आसपास, दिसतं. पश्चिमेकडची जांभ्या दगडाची जमीन एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि अर्थ पिटचा रेझिस्टन्स चढतो. पिटमध्ये पाणी घाला, जोड घासून आवळा, मग सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. लोड असताना २ व्होल्टच्या आत यायला हवं.

‘लाखो वाचतील.’

फिजिक्स लॅबचे हलत नसलेले ओटे, अंधारी खोली, टेबलागणिक वायरिंग एकदा उखडलं की परत उभं करायला उपकरणांपेक्षा जास्त खर्च येतो. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात प्रॅक्टिकल आहेतच, व्हीटीयूच्या (बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाच्या) इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात फिजिक्स सायकल, म्हणजे फिजिक्सचं सत्र, आहेच. मग दोन वर्षांनी तीच खोली पुन्हा बांधायची.

खर्च कमी करायचा तर संच कमी करा. २४ मुलांच्या बॅचला ८ वेगवेगळे प्रयोग, प्रत्येकाचा एकच संच, तिघं-तिघं आठवड्यागणिक पुढं सरकणार. तोटा एवढाच की काही गट लेक्चरआधी प्रयोग करतात. त्यांच्यासाठी दोन पानांची टीप पुरते, मराठीत असली तर आणखी बरं. आणि सगळंच अंबाल्याहून (हरियाणातलं लॅब उपकरणांचं केंद्र) मागवू नका. आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्री आहेत, लेथ आहेत. फ्लायव्हील तिथं ओतून टर्न करून मिळतं. बार पेंड्युलमला १ मीटरची पोलादी पट्टी, दर ५ सेंटिमीटरला एक भोक, सगळी एका सरळ रेषेत, आणि पट्टी झुलवायला आधाराची टोकदार धार. धार मात्र हार्डन करून घ्या, नाहीतर दोन बॅचनंतर बोथट होते. बरोबर बनली असेल तर मध्यापासून २९ सेंटिमीटरवर आवर्तनकाल सगळ्यात कमी, साधारण १.५३ सेकंद येतो. वर्कशॉपवाल्याला पैसे देण्याआधी एवढं मोजून बघा.