बाण नेमके कोणाचे?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप दोन आहेत: 'तीन राज्यांची कथा' या चिनी कादंबरीतला बाणांचा प्रसंग मी इतिहास म्हणून खपवला, आणि उत्तरेचा सत्ताधीश त्साओ त्साओ याची बदनामी करणाऱ्या तिच्या लेखकाला, ल्वो क्वानचोंगला, डोक्यावर घेतलं.

पहिला मुकाट्याने मान्य. इ.स. २०८ मध्ये लाल कड्यांच्या लढाईआधी त्साओ त्साओचा वैरी ल्यू पै याच्या सल्लागाराने, झुगे ल्यांगने, धुक्यात गवताच्या पेंढ्या लादलेल्या नावा पुढे करून शत्रूचेच लाखभर बाण पळवले, असं मी ठोकून दिलं होतं. वाक्य दुरुस्त केलंय. पण मूळ गोष्ट जास्त गमतीची आहे. जुन्या टीपांनुसार २१३ साली दक्षिणेचा सत्ताधीश सुन च्वान मोठ्या नावेतून त्साओ त्साओची छावणी न्याहाळायला गेला. एका बाजूला इतके बाण रुतले की नाव कलंडायला लागली. पठ्ठ्याने नाव फिरवून दुसरी बाजू पुढे केली. तिकडेही बाण बसले, तोल सावरला, स्वारी परत. ना गवताच्या पेंढ्या, ना धुकं. पुढे १३२०च्या दशकातल्या छापील कथापोथीत बाण सुन च्वानचा सेनापती चौ यू याच्या खात्यावर गेले. कादंबरीत ते झुगे ल्यांगला मिळाले, वर वीस नावा आणि तीन दिवसांची मुदत.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. ल्वो चौदाव्या शतकातला. अकराव्या शतकातच कवी सू तुंगपो लिहून गेलाय की द्वाड पोरांना घरचे पैसे देऊन कथेकऱ्याकडे पिटाळत. ल्यू पै हरला की पोरं कपाळाला आठ्या घालत, रडतसुद्धा. त्साओ त्साओ हरला की आनंदाने ओरडत. निकाल तिथेच लागला होता! उलट ल्वोचा त्साओ त्साओ मला आवडतो. सैन्याची धूळधाण उडालेली, तरी पळताना तीनदा थांबून हसतो, 'इथे दबा धरायचं यांना सुचलं नाही' म्हणून, आणि तिन्ही वेळा शत्रू समोर उभा. साधा खलनायक असा हसत नाही.

नाटकात त्याच्या तोंडाला कपटाचा पांढरा रंग लागला तो लागलाच. १९५९ साली लेखक ग्वो मोरुओंनी त्याच्या बाजूने अख्खं नाटक लिहिलं, तरी म्हण तीच राहिली: त्साओ त्साओचं नाव काढा, तो हजर. (आपण अशा माणसाला शंभर वर्षं आयुष्य देऊन मोकळे होतो.)

'त्यापेक्षा छन शौचा इतिहास वाचा,' म्हणालात, म्हणजे तिसऱ्या शतकातल्या इतिहासकाराचा. जरूर. फक्त छन शौ चिन राजघराण्याच्या दरबारी होता, आणि त्या घराण्याने गादी घेतली ती त्साओ त्साओच्याच वंशजांकडून. त्याच्या साक्षीलाही तेवढी कात्री लावून घ्या.