‘पोट्टं गोळ्या खात नाही’ म्हणण्याआधी

दिवाळीत यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी होते. ओट्यावर विषय निघाला एका मुलाचा. जन्मापासून एचआयव्ही, आई गेलेली, आजीकडे वाढतो. व्हायरल लोड, म्हणजे गोळ्यांनी खाली राहायला हवं ते रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, 1000 च्या वर गेला म्हणे. लगेच निकाल लागला : ‘सरकार फुकट गोळ्या देते, तरी पोट्टं खात नाही. कोणाचा दोष?’

कोणाचा आजार असा संमतीवाचून उघड करायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे. तरी गावाला सगळं ठाऊक. म्हणूनच आजी गोळ्या बाटलीतून काढून चिंधीत बांधते, तांदळाच्या डब्यात खुपसते. बाटली खुळखुळली की कोणी विचारेल ही धास्ती. ओल लागून गोळ्या खराब होतात, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

मी इंग्लंडमध्ये हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. इथे निदान झालं की विषाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही, याची तपासणी होते. लोड वाढला की पुन्हा होते. आपल्याकडे ती सरसकट होत नाही. आधी समुपदेशन, ‘नीट घे’ म्हणून, आणि काही महिन्यांनी पुन्हा लोडचीच तपासणी. समुपदेशन हवंच. पण विषाणू बदललेला असेल तर त्याच गोळ्या इमानाने गिळूनही लोड उतरत नाही, आणि पोरगं मात्र खोटारडं ठरतं.

एचआयव्हीवरचं नेव्हिरापीन हे औषध निकामी करायला विषाणूत एक बदल पुरतो, लॅमिव्हुडीन या दुसऱ्या औषधालाही एकच. आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून नेव्हिरापीनच वर्षानुवर्षं दिलं गेलं. त्याने असंख्य बाळं वाचली. पण ज्यांना तरीही लागण झाली, त्यातल्या कित्येकांच्या अंगात उपचाराच्या पहिल्या गोळीच्या आधीच प्रतिरोध होता, म्हणजे विषाणू औषधाला दाद देत नव्हता. त्या बाळांनी काय चुकवलं होतं?

पुरवठ्याचंही तेच. 2017 मध्ये लहान मुलांचं लोपिनाविरचं सरबत देशात संपलं, तेव्हा या मुलांनीच पंतप्रधानांना पत्र लिहिलं. औषध मध्येच तुटलं की रक्तातलं प्रमाण अर्धवट राहतं, आणि विषाणूला हवं असतं नेमकं तेच.

आता डोल्युटेग्राविर हे नवं औषध आलंय, 20 किलोच्या पुढच्या मुलांना मोठ्यांचीच 50 मिलिग्रॅमची गोळी चालते. त्याला प्रतिरोध सहजी येत नाही हे खरं. पण क्षयावरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं, आणि क्षय आपल्याकडे घरोघरी.

इंग्लंडशी तुलना पुरती जुळत नाही, हे मला कळतं. इथे अशी मुलं मोजकी, आणि पैसा आहे. इथली वयात आलेली मुलंही गोळ्या सोडतात, मी पाहिलंय. तरी समुपदेशनानंतरही ज्याचा लोड वरच राहिला, त्या प्रत्येक मुलाची प्रतिरोध तपासणी व्हावी, एवढी मागणी अवास्तव नाही. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरही ती करता येते. त्यासाठी आजीला कापूस वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवून नागपूर गाठायची गरज नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आजी भेटायला आली. ‘बाई, मी त रोज देतो. मंग वाढलं काहून?’

तपासणीशिवाय मी काय सांगणार? म्हटलं, पुढच्या तारखेला गोळ्या मिळतात त्या सेंटरवर हेच विचारा. आणि गोळ्या बाटलीतच राहू द्या, बाटली लुगड्याच्या घडीत ठेवा, वाजणार नाही.