‘ब्रेनडेड’ आणि रक्ताचा सडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘ब्रेनडेड’ (1992) हा सिनेमा ना धड घाबरवतो ना धड हसवतो, त्यातलं रक्त सरबतासारखं दिसतं, आणि दिग्दर्शक पीटर जॅक्सनचा हा किळसवाणा पोरखेळ मी उगाच डोक्यावर घेतलाय.

रक्त खोटं दिसतं, अगदी मान्य. खरं दिसलं असतं तर दहा मिनिटंही बघवलं नसतं. शेवटी नायक लायनल गवत कापायचं यंत्र छातीशी धरून झॉम्बींच्या, म्हणजे उठून चालणाऱ्या प्रेतांच्या, गर्दीत घुसतो, तेव्हा हातापायांचा आणि आतड्यांचा इतका खच पडतो की किळस मागे पडते आणि हसू फुटतं. त्यात हा गडी रक्तावरून घसरून जागच्या जागी धावत राहतो! हा थेट मूकपटांमधला विनोद आहे. नुसता राडा घालणाऱ्याला तो सुचत नाही.

पण माझा खरा मुद्दा लायनलच्या भिडस्तपणाचा आहे, आणि तो तुमच्या नजरेतून निसटलाय. जेवणाचा प्रसंग आठवा. 1957 सालचं वेलिंग्टन, घरी प्रतिष्ठित पाहुणे. आईला उंदीर-माकडाच्या संकराचा तो प्राणी चावलेला (त्याच्या चाव्याने माणूस मरून झॉम्बी होतो), तिच्या चेहऱ्याची सुटलेली कातडी लायनलने गोंदाने चिकटवलेली. जेवता जेवता जखम फुटते आणि पू पाहुण्याच्या कस्टर्डमध्ये उडतो. पाहुणा ते मिटक्या मारत खातो. मग आईचा कान तिच्याच वाटीत गळून पडतो आणि ती तोही खाते. लायनलचा जीव टांगणीला लागलाय, पण जेवण थांबवायची छाती नाही. पुढे झॉम्बींनाही तो तळघरात लपवतो, गुंगीची इंजेक्शनं टोचतो, टेबलाशी बसवून चमच्याने भरवतो. आई मेली तरी तिचा धाक जात नाही, आणि लोक काय म्हणतील ही धास्ती तर मेलेल्यांपेक्षा चिवट. हे पडद्यावर गंभीरपणे दाखवलं असतं तर रडगाणं झालं असतं.

जॅक्सनच्याच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’शी तुम्ही केलेली तुलना मात्र मला पटली नाही. त्याच्या शेवटच्या भागाला 11 ऑस्कर मिळाले, ठीक. हा सिनेमा त्याहून थोर आहे असं मी कुठे म्हटलंय?

लायनलच्या लेसमामाचा आचरटपणा मलाही कंटाळवाणा वाटतो, तिथे आपलं एकमत. मुलांना दाखवू नये हेही खरंच. आणि पुन्हा बघायचा विचार असलाच, तर कस्टर्ड आधीच संपवून घ्या.