यमाला बहिणी तीन होत्या

भाऊबीजेला यम यमुनेकडे जेवायला गेला, ही गोष्ट आमची ताई दर वर्षी सांगते आणि दर वर्षी तिथेच थांबते. यमाला तापी नावाचीही बहीण होती, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. उगमही तिचा आमच्या मध्य प्रदेशातच, मुलताईला. शिवाय भद्रा. हो, तीच, राखीच्या मुहूर्तात पाय घालणारी. 2023 साली तिच्यापायी आम्ही रात्री नऊपर्यंत कोरी मनगटं घेऊन बसलो होतो. तर यम एकीकडेच जेवला. उरलेल्या दोघींना त्याने काय थाप मारली ते कुठे लिहिलेलं नाही, आणि मला नेमकं तेवढंच हवं आहे.

कारण मलाही तीनच आहेत. थोरली इंदूरच्या राजेंद्र नगरात, मधली लोकमान्य नगरात, धाकटी पार तिकडे विजय नगरला. निरोप मात्र तिघींचा एकच: "उपाशी ये हं!"

ताईकडे आजीचा पाट आहे. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. वयाच्या 54 व्या वर्षी त्यावर मांडी घालताना गुडघा असा वाजला की भाच्याला वाटलं कोणी लवंगी लावली. ताईने कुंकू लावलं, अक्षता डोक्यावर टाकल्या (निम्म्या कॉलरमधून आत गेल्या), सुपारी आणि अंगठीने ओवाळलं. निरांजन उचललं आणि ते विझलं. "अरे, पंखा कोणी लावला?" पंखा बंद, काडी ओढली, पुन्हा सुरुवात. ताईचा खांदा आता वर जात नाही. पूर्वी ताम्हण माझ्या एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत फिरायचं, हल्ली नाकापुढेच घुटमळतं. मग मीच मान जरा खाली घेतो. तिला ते कळतं, पण ती बोलत नाही. जेवणाच्या वेळी मात्र तोच खांदा श्रीखंडाचा डाव घेऊन थेट माझ्या ताटापर्यंत पोचतो.

मधली समजूतदार. "तिकडे जेवूनच आला असशील. मी काही केलं नाहीये, नुसते पोहे." इंदुरात पोह्यांना कोणी खाणं म्हणत नाही. वर मूठभर शेव, शेजारी जिलबी. नको म्हणालो तर तिने फक्त "बरं" म्हटलं. त्या "बरं"ला घाबरून मी दोन बशा संपवल्या.

पाकिटांचं फार सांगत नाही. तिघींत 501 सारखेच असतात, तरी तिघी एकमेकींना फोन करतात.

धाकटी माळवी घरात पडली. तिथे दाल-बाफले. बाफला आधी उकळतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात; त्यानंतरची शिक्षा पाहुण्याने भोगायची. तिच्या सासूबाईंनी चौथा बाफला माझ्या ताटात कुस्करला आणि वर तुपाची वाटी उपडी केली. "भैया, खाया ही क्या है आपने!" निघताना धाकटीने आठवण दिली, "दादा, होळीनंतरच्या दूजेलाही यायचंय." हिच्या सासरी भाईदूज वर्षातून दोनदा येते. मुलगी देताना पत्रिका पाहिली, पंचांग पाहायचं राहिलं.

घरी आलो तर सोफ्यावर मेहुणा आडवा, पट्टा सैल केलेला. आमच्या हिच्याकडे पुरणपोळी झाली होती. मी काही न बोलता ओव्याची बरणी पुढे केली. त्याने चिमूटभर घेतला आणि छताकडे बघत म्हणाला, "भावजी, सुदामा नगरची अजून बाकी आहे."

त्याला गाडी चालवणं शक्य नव्हतं. मीच सोडायला गेलो. दार उघडलं, तर त्याची बहीण आनंदाने आत ओरडली, "अगंबाई, भावजीही आलेत! अजून एक पाट मांडा गं!"